विश्लेषण : सीडी प्लेअर थकला, स्ट्रीमिंग आले… घरच्या स्टीरिओवर नेमके काय बदलते?

कपाटात दोन-तीनशे सीडी, दिवाणखान्यात जुना पण दमदार ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर, असा संच अनेक घरांत आजही आहे. मात्र सीडी प्लेअरची लेन्स अडखळू लागली की सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्ती करणारेही कमी झाले आहेत. नव्या लॅपटॉपला आणि मोटारीला सीडीची खाच नसते. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हाच या बदलाची दिशा स्पष्ट झाली होती. आता फोन ब्लूटूथने जोडला की काम झाले, असे वाटते. पण मग आवाज पूर्वीसारखा भरदार वाटत नाही, हवी ती मैफल सापडत नाही किंवा कालपर्यंत असलेले गाणे आज यादीतून नाहीसे होते. सीडीकडून स्ट्रीमिंगकडे जाताना आवाजाचा दर्जा, जोडणी आणि मालकी हे तीन वेगवेगळे प्रश्न असतात. त्यांचा हा आढावा.

सीडीने कोणता मापदंड घालून दिला?

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून सीडीचे तांत्रिक निकष १९८० मध्ये निश्चित केले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानच्या बाजारात आला. सीडीवर आवाजाची मोजणी दर सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटमध्ये, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवलेली असते. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू शकतो. एखादी कंपनसंख्या अचूक नोंदवायची तर तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. ४४,१०० हा आकडा त्या मर्यादेत बसतो. डावी आणि उजवी बाजू धरून हा प्रवाह सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट इतका होतो, म्हणजे तासाला साधारण ६३५ मेगाबाइट. यातली माहिती कुठेही गाळलेली नसते. ‘सीडी दर्जा’ हा शब्द आजही मोजपट्टीसारखा वापरला जातो, तो यामुळेच.

मग स्ट्रीमिंगचा आवाज कमी प्रतीचा असतो का?

पूर्वी बऱ्याच अंशी होता, आता तसे म्हणता येत नाही. इंटरनेटचा वेग कमी होता तेव्हा १४११ किलोबिटचा प्रवाह घरोघरी पोहोचवणे शक्य नव्हते. त्यामुळे एमपी३ आणि त्यानंतरच्या पद्धतींनी आवाजातला काही भाग कायमचा वगळला. तबल्याची जोरकस थाप पडते त्या क्षणी तिच्याआड येणारे बारीक आवाज कानाला जाणवत नाहीत, या श्रवणशास्त्रीय तत्त्वावर ही काटछाट होते. सेकंदाला ३२० किलोबिट म्हणजे सीडीच्या पावपटीहूनही थोडी कमी माहिती. तरीही या दर्जाला बहुतेक श्रोत्यांना डोळे बांधून फरक ओळखता येत नाही. दर ९६ किंवा १२८ किलोबिटवर उतरला, की टाळ-झांजांचा झणकार आणि टाळ्यांचा कडकडाट भुरकट होऊ लागतो.

याला उत्तर म्हणजे ‘लॉसलेस’ पद्धत. २००१ मध्ये आलेला फ्लॅक हा फाइल-प्रकार माहितीची घडी घालतो, पण काहीही फेकत नाही. घडी उलगडली की सीडीवरचे आकडे जसेच्या तसे परत मिळतात आणि जागा मात्र साधारण निम्मी ते दोन तृतीयांश लागते. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस संगीत जादा शुल्काशिवाय द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफायने ते सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. मात्र ही सोय अनेकदा ॲपमध्ये आपोआप सुरू नसते. सेटिंगमध्ये जाऊन वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांसाठी दर्जा वेगवेगळा निवडावा लागतो. ‘स्ट्रीमिंगचा आवाज पातळ आहे’ ही तक्रार करण्यापूर्वी हे पान उघडून पाहणे आवश्यक.

सीडीपेक्षाही वरचा दर्जा घेण्यात अर्थ आहे का?

काही सेवा २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंतचे ‘हाय-रिझोल्यूशन’ संगीत देतात. कागदावर हे आकडे मोठे दिसतात. पण १६ बिटमध्ये सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सामावते. पंखा सुरू असलेल्या, रस्त्यालगतच्या घरात एवढे अंतर ऐकायला मिळण्याची शक्यता फारशी नाही. ध्वनिमुद्रण आणि संपादन करताना २४ बिटचा उपयोग निश्चित होतो. ऐकताना तो क्वचितच जाणवतो. शिवाय मूळ मुद्रण जुन्या तबकडीवरचे किंवा आकाशवाणीच्या फितीवरचे असेल, तर मोठ्या फाइलमुळे त्यात नसलेले तपशील निर्माण होत नाहीत.

खरा फरक अनेकदा ‘मास्टरिंग’मुळे पडतो. एकच अल्बम १९९० मधल्या सीडीवर आणि आजच्या ॲपवर वेगवेगळ्या प्रकारे तयार केलेला असू शकतो. नव्या आवृत्तीत सगळे आवाज एकसारखे मोठे केलेले असतील, तर ती सुरुवातीला ठसठशीत वाटते आणि थोड्या वेळाने कान थकतात. अशा वेळी दोष स्ट्रीमिंगचा नसतो, आवृत्ती वेगळी असते.

फोन ब्लूटूथने जोडला की झाले?

स्वयंपाक करताना गाणी लावायला ब्लूटूथ पुरेसे आहे. लक्ष देऊन ऐकायचे असेल तर मात्र तो साखळीतला कच्चा दुवा ठरतो. ॲपमधून लॉसलेस संगीत आले तरी ब्लूटूथवरून पाठवताना सहसा त्याची पुन्हा काटछाट होते. एसबीसी ही त्यातली मूलभूत पद्धत. एलडॅकसारखी वरची पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाते, पण तीही काटछाट करणारीच आहे आणि फोन व रिसीव्हर दोन्हीकडे असेल तरच चालते. त्यात विलंबित खयाल रंगात आलेला असताना फोन वाजला, की घरभर घंटी घुमते. फोन घेऊन कोणी बाहेर गेले तर गाणेच तुटते.

याऐवजी वायफायवर चालणारी ‘नेटवर्क स्ट्रीमर’ नावाची छोटी पेटी ॲम्प्लिफायरला जोडता येते. ‘स्पॉटिफाय कनेक्ट’ किंवा गूगलची ‘कास्ट’ ही सोय असेल तर ही पेटी स्वतःच इंटरनेटवरून संगीत उचलते आणि फोन फक्त रिमोटचे काम करतो. फोनवर बोलत असतानाही गाणे सुरू राहते. मात्र ही उपकरणे सॉफ्टवेअरवर चालतात, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे. गूगलने २०१५ मध्ये आणलेल्या ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ या स्वस्त उपकरणाचे उत्पादन २०१९ मध्ये थांबवले. तीस वर्षे टिकलेला ॲम्प्लिफायर आणि काही वर्षांत मागे पडणारा स्ट्रीमर यांचे आयुष्य सारखे नसते. म्हणून सगळे एकाच डब्यात असलेल्या महागड्या संचापेक्षा जुन्या संचाला जोडलेली आणि सहज बदलता येणारी पेटी व्यवहाराची ठरते.

जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ठेवता येतात का?

अवश्य. आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या भागाला ‘डॅक’ म्हणतात. सीडी प्लेअरमध्ये तो आतच बसवलेला असतो. स्ट्रीमिंगमध्ये हे काम नेटवर्क स्ट्रीमर करतो किंवा वेगळा यूएसबी डॅक करतो. सर्वात कमी खर्चाचा मार्ग म्हणजे घरात पडून असलेला जुना फोन किंवा लॅपटॉप, त्याला छोटा यूएसबी डॅक आणि तिथून लाल-पांढऱ्या टोकांच्या आरसीए केबलने ॲम्प्लिफायर. थोडी खटपट करायची तयारी असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डॅकची पाटी बसवून ‘व्होल्युमिओ’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने स्ट्रीमर तयार करता येतो.

जोडणी ॲम्प्लिफायरच्या मागच्या ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप इन’ या खाचांत करावी. ‘फोनो’ ही खाच तबकडीच्या सुईसाठी असते. सुईकडून येणारा संदेश अतिशय क्षीण असल्याने तिथे तो अनेक पटींनी वाढवला जातो आणि त्यातल्या खर्ज-तार भागाचे प्रमाणही बदलले जाते. स्ट्रीमर तिथे जोडल्यास आवाज फाटतो. पहिल्यांदा लावताना ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण कमी करून मग हळूहळू वाढवावा. खर्च करायला पैसे उरलेच तर ते केबलवर घालण्याआधी स्पीकरची जागा बदलून पाहावी. स्पीकर कोपऱ्यातून थोडे पुढे आणणे आणि समोरच्या मोकळ्या भिंतीवर पडदा किंवा पुस्तकांची मांडणी ठेवणे यांनी पडणारा फरक अनेकदा नव्या उपकरणापेक्षा मोठा असतो.

घरचे इंटरनेट पुरेल का?

३२० किलोबिटच्या दर्जाला तासाला सुमारे १४४ मेगाबाइट लागतात. सीडी दर्जाच्या लॉसलेस संगीताला साधारण ३०० ते ४०० मेगाबाइट. रोज दोन तास ऐकले तर महिन्याला २० ते २५ गिगाबाइट होतात. घरी फायबरची जोडणी असेल तर हा भार किरकोळ आहे. मोबाइलच्या रोजच्या दीड गिगाबाइटच्या पॅकवर मात्र निम्मा डेटा इथेच संपेल. अडचण बहुतेक वेळा वेगाची नसते, जाड भिंतीपलीकडे असलेल्या राउटरची असते. शक्य असल्यास स्ट्रीमरला लॅनची तार जोडावी. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत राउटरला छोटा यूपीएस लावणे आणि नेहमीचे अल्बम ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवणे उपयोगी पडते. हे डाउनलोड ॲपबाहेर वाजत नाहीत आणि सदस्यत्व संपले की तेही बंद होतात.

विकत घेतलेली सीडी आणि ॲपमधले गाणे यांत कायदेशीर फरक काय?

सीडी ग्राहकाच्या मालकीची असते. ती मित्राला ऐकायला देता येते, भेट देता येते, विकता येते. स्ट्रीमिंगचे सदस्यत्व हे भाड्याच्या घरासारखे असते. भारतात ते महिन्याला साधारण शंभर ते तीनशे रुपयांच्या दरम्यान मिळते, पण हप्ता थांबला की संग्रहही थांबतो.

हप्ता भरत असतानाही गाणी जाऊ शकतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड नुसार प्रसारकांना ठरावीक मानधन भरून गाणी वाजवण्याचा वैधानिक परवाना मिळू शकतो. ही तरतूद इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात दिला. त्यामुळे प्रत्येक ॲपला गाण्यांच्या हक्कदार कंपन्यांशी करार करावे लागतात आणि करार फिसकटला की गाणी उतरतात. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आले तेव्हा वॉर्नरशी त्यांचा याच न्यायालयात वाद सुरू होता. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार न झाल्याने त्या कंपनीची गाणी स्पॉटिफायवरून नाहीशी झाली होती.

कधी कधी संपूर्ण ॲपच बंद होते. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले, भारतातील ‘रेसो’ जानेवारी २०२४ मध्ये आणि एअरटेलचे ‘विंक’ही त्याच वर्षी गुंडाळण्यात आले. वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या दुसरीकडे नेणे प्रत्येकाला जमतेच असे नाही.

शास्त्रीय आणि मराठी संगीताच्या श्रोत्यांपुढे वेगळी अडचण कोणती?

शोधण्याची. बहुतेक ॲपची रचना गाणे, गायक आणि अल्बम या तीन रकान्यांवर उभी आहे. राग, ताल, विलंबित-द्रुत, तबला-हार्मोनियमचे साथीदार, मुद्रणाचे वर्ष यांसाठी त्यात स्वतंत्र जागा सहसा नसते. भीमपलास, भीमपलासी अशी एकाच रागाची दोन नावे रोमन लिपीत गेली की त्यांची चार-पाच रूपे होतात. भावगीतांच्या बाबतीत गायकाचे नाव ठळक दिसते, कवी आणि संगीतकार मात्र हरवतात. ‘गीतरामायणा’चे उदाहरण बोलके आहे. गदिमा आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीते १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वेगवेगळ्या गायक-गायिकांच्या आवाजात प्रसारित झाली. पुढे फडके यांनी स्वतः गायलेला संच घरोघरी पोहोचला आणि इतर अनेकांनीही ती गायली. नुसते नाव टाकून शोधणाऱ्याला समोर आलेले मुद्रण कोणते, कधीचे, हे ॲपवरून कळत नाही. सीडीच्या आतल्या पुस्तिकेत ते छापलेले असते.

दुसरी अडचण सलगतेची. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये क्षणभर खंड पडला तरी रसभंग होतो. म्हणून ‘गॅपलेस’ सुरू आणि ‘क्रॉसफेड’, ‘शफल’, ‘ऑटोप्ले’ बंद ठेवावे. नाहीतर भैरवीनंतर ॲप स्वतःच्या मनाने भलतेच काही लावते.

तिसरा मुद्दा कलाकाराचा. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या छोट्या प्रकाशकांनी काढलेल्या मुद्रणांपैकी कोणती ॲपवर येतील, हे हक्क कोणाकडे आहेत यावर ठरते. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत एक हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या मुद्रणाला मानधन मिळत नाही. मोजके रसिक असलेल्या गायकासाठी मैफलीनंतर विकली गेलेली एक सीडी या हिशेबात बरीच मोठी ठरते.

घरातल्या सीडींचे काय करावे?

त्या रद्दीत देण्याआधी संगणकावर उतरवून घ्याव्यात. यूएसबीने जोडता येणारा सीडी ड्राइव्ह अजूनही मिळतो. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे सॉफ्टवेअर सीडी काळजीपूर्वक वाचते आणि आपली प्रत इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी जुळते का, हे तपासू शकते. ॲपलच्या संगणकावर म्युझिक ॲपमधून लॉसलेस प्रत घेता येते. एमपी३ ऐवजी फ्लॅक किंवा ॲपल लॉसलेस हाच प्रकार निवडावा, कारण गाळलेली माहिती नंतर परत आणता येत नाही. एका सीडीला सरासरी ३०० ते ४०० मेगाबाइट धरले तर ३०० सीडी सुमारे ९० ते १२० गिगाबाइटमध्ये मावतात. म्हणजे सगळा संग्रह एका लहान ड्राइव्हवर बसतो. प्रती मात्र दोन ठेवाव्यात आणि दुसरी दुसऱ्या घरी असावी. पुस्तिकेच्या पानांची छायाचित्रेही त्याच फोल्डरमध्ये टाकावीत.

यात पहिला मान घरी ‘राइट’ केलेल्या सीडींचा. कारखान्यात छापलेली सीडी नीट ठेवल्यास दशके टिकते. घरी भरलेल्या सीडीवर रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो लवकर खराब होतो. गुरूंनी दिलेली तालीम, घरच्या गणपतीसमोरचे गाणे, आजीच्या ओव्या, गावातल्या भजनी मंडळाची रात्र हे याच सीडींवर असते आणि ते कोणत्याही ॲपवर कधीच येणार नाही.

स्वतःच्या सीडीची खासगी वापरासाठी प्रत घेण्याच्या संदर्भात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील खासगी किंवा वैयक्तिक वापराची तरतूद सांगितली जाते. मात्र ही प्रत इतरांना वाटणे किंवा इंटरनेटवर चढवणे यासाठी तिचा आधार घेता येत नाही.

बदल कोणत्या क्रमाने करावा?

सर्वप्रथम घरातल्या आवडीच्या वीस सीडींची यादी करावी आणि सेवेच्या मोफत चाचणीच्या काळात त्या ॲपवर शोधाव्यात. किती मिळाल्या, त्यांतल्या किती नेमक्या त्याच मुद्रणाच्या आहेत, हे पाहून सेवा निवडावी. जाहिरातीतल्या कोट्यवधी गाण्यांपेक्षा हा वीसाचा हिशेब अधिक खरा असतो. त्यानंतर जोडणी ठरवावी. मग सीडी उतरवण्याचे काम हाती घ्यावे, दिवसाला चार-पाच सीडी घेतल्या तरी दोन-अडीच महिन्यांत तीनशे पूर्ण होतात. उतरवलेला संग्रह यूएसबी ड्राइव्हने त्याच स्ट्रीमरला जोडता येतो. बऱ्याच स्ट्रीमरमध्ये तशी सोय असते, खरेदी करताना ती आहे का हे विचारून घ्यावे. ॲपवर न मिळणाऱ्या, घरी भरलेल्या आणि पुस्तिकेसाठी जपण्यासारख्या सीडी शेवटपर्यंत ठेवाव्यात. सीडी प्लेअर चालू आहे तोवर त्यालाही काढू नये.

नवे ऐकण्यासाठी, तुलना करण्यासाठी, एकच बंदिश दहा गायकांकडून ऐकण्यासाठी स्ट्रीमिंगसारखे साधन पूर्वी कधीच उपलब्ध नव्हते. मात्र जे संगीत आपल्या घरातून जाता कामा नये, त्याची प्रत आपल्या ताब्यात असायला हवी. सीडी प्लेअर अजून वाचतो आहे तोवरच हे काम करून घेणे शहाणपणाचे.